कोंबडी कुत्र्या-मुंगसाच्या तोंडातून सुटते आणि तिसऱ्या दिवशी मरते: काय बघायचं, कुठल्या क्रमाने

मुंगसाने धरली, कुत्र्याने झटकली, बोक्याने पंजा मारला, पण कोणीतरी ओरडत धावलं आणि कोंबडी सुटली. चालतेय, दोन दाणे पण टिपतेय, घरचे म्हणतात वाचली बाई. मग पाठीवर हळद थापायची, खुराड्यात सोडायची, आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती कोपऱ्यात मेलेली. आमच्या वाडीत परसातल्या गावठी कोंबड्यांचं हे इतक्यांदा झालंय की आता कोणी "काकी, कोंबडी धरली हो" म्हणत आलं की मी जखम कुठे हे नंतर विचारते, आधी विचारते कोंबडी ठेवलीय कुठे. कारण जी जखम दिसते ती सहसा मारत नाही. पहिल्या रात्री धक्का आणि गारठा मारतो, आणि त्यातून निभावली तर पिसांखाली लपलेली बारीक भोकं आणि अळ्या मारतात. खालचा क्रम त्या हिशोबानेच लावलाय. आधी फुकटचं आणि सोपं, मग किरकोळ खर्चाचं, शेवटी डॉक्टरचं.

आधी लक्षणं

यातलं काही दिसलं तर कोंबडीला काहीतरी लागलंय असंच धरून चाला, रक्त दिसो वा न दिसो:

- अंगणात पिसांचा ढीग पडलाय, आणि कोंबडी पिसं फुगवून, मान आखडून, डोळे मिटून एका जागी बसलीय
- तुरा आणि गालाच्या लोळ्या फिकट पडल्यात, पाय हाताला गार लागतायत
- श्वास घेताना शेपटी वरखाली होतेय किंवा चोच उघडी आहे
- एक पंख लोंबतोय, किंवा एक पाय टेकवत नाही
- पाणी पिताना गळ्याखालून पाणी ठिबकतंय
- कातडी कुठेतरी फुग्यासारखी वर आलीय
- दुसऱ्या दिवसापासून घाण वास, पिसं चिकटलेली, माशा मागे मागे
- शीट हिरवीगार आणि पाणचट. याला घाबरून जाऊ नका, बहुतेक वेळा ती उपाशी आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. शिटीत रक्त असेल तर मात्र घाबरा.

एक गोष्ट इथेच सांगते. मान वाकडी झालीय, गोल गोल फिरतेय, पण अंगावर ओरखडा पण नाही आणि बाकीच्या कोंबड्या पण मलूल आहेत, तर कुत्र्या-मांजराला शिव्या देऊ नका, ती मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकते. आणि एकदम भराभर मरायला लागल्या, तुरे निळे-काळे पडले, जखम कुठेच नाही, तर मेलेल्या कोंबडीला हात न लावता लगेच जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कळवा. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू झाला तेव्हा किती कोंबड्या माराव्या लागल्या ते आपल्याकडे लोक विसरले नाहीयेत. ही पोस्ट त्यासाठी नाही.

१. अंधार, शांतता, ऊब (फुकट, पहिली दहा मिनिटं)

जखम धुवायला धावू नका. भळाभळा रक्त वाहत असेल तर तेवढं दाबा, त्याचं खाली लिहिलंय, नाहीतर पहिलं काम म्हणजे तिला उचलून एकटीला डालग्याखाली किंवा खोक्यात ठेवणं. खाली भाताचं तूस घालू नका, ते जखमेला चिकटतं, जुनी सुती साडी नाहीतर टॉवेल घाला. वर गोणपाट टाका पण हवा जाईल एवढी फट ठेवा. पडवीत नको, घरात आतल्या खोलीत, जिथे टीव्ही नाही, पोरं नाहीत आणि कुत्रा हुंगत येणार नाही.

हे एवढं का, तर कोंबडीच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा बरंच जास्त, ४१ ते ४२ अंशाच्या आसपास असतं. धक्का बसला, रक्त गेलं, पिसं उपटली गेली की ती ऊब धरून ठेवता येत नाही आणि अंग पटापट गार पडत जातं. पावसाळ्यात तर भिजलेली असतेच. अशा कोंबडीला तुम्ही आल्या आल्या नळाखाली धरून धुतलीत तर जनावराने अर्धवट सोडलेलं काम तुम्ही पूर्ण केलंत असंच समजा.

ऊब द्यायला जुना पिवळा ४० वॉटचा बल्ब, खोक्याच्या एका बाजूला, हातभर अंतरावर. एका बाजूलाच, म्हणजे तिला गरम झालं तर दुसऱ्या कोपऱ्यात सरकता आलं पाहिजे. एलईडी लावून उपयोग नाही, त्याने उजेड होतो, ऊब येत नाही, आणि हे लोकांना खरंच लक्षात येत नाही. वीज गेली असेल (आमच्याकडे जूनमध्ये जातेच) तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि थंड झाली की बदला, गार झालेली बाटली उलट अंगातली ऊब ओढते. चोच उघडून धापा टाकायला लागली, पंख अंगापासून लांब धरले, तर गरम जास्त झालंय. एप्रिल-मेच्या दुपारी बल्ब अजिबात नको. आणि मार डोक्याला बसला असेल, डोळा सुजलाय, डोकं एका बाजूला पडतंय, तर बल्ब लावू नका, नुसता अंधार आणि शांतता द्या.

उचलताना पाय धरून उलटी लटकवायची नाही. बाजारातून आणताना लोक आणतात तशी. कोंबडीला आपल्यासारखा छातीखालचा श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच श्वास आत जातो, आणि उलटी धरली की पोटातलं सगळं फुफ्फुसांवर येतं आणि गळ्यातलं पाणी श्वासनळीत जाऊ शकतं. डोक्यावर हलकं फडकं टाका, दोन्ही पंख अंगाशी धरून खालून उचला, छाती आवळू नका.

२. रक्त थांबवणं

स्वच्छ फडकं किंवा गॉज घेऊन सरळ दाबून धरायचं. पाच मिनिटं, घड्याळ लावून, मध्ये उचलून बघायचं नाही. बघितलं की जमलेली गुठळी सुटते आणि परत पहिल्यापासून सुरू. बहुतेक रक्त एवढ्याने थांबतं. नख तुटलंय, तुऱ्याला चीर गेलीय, असं वरवरचं असेल तर चिमूटभर हळद किंवा कॉर्नफ्लॉवर दाबा, चालतं. पण खोल जखमेत हळद भरू नका. हळदीशी माझं भांडण नाही, पण ती आत जाऊन घट्ट बसते, खालचं काही दिसत नाही, आणि दोन दिवसांनी ती खरवडून काढताना परत रक्त येतं. चुना, तंबाखू, राख, रॉकेल, गाडीचं ऑइल, फिनेल यातलं काहीच नको. हे सगळे प्रकार मी लावलेले बघितलेत, कोंबडीची कातडी कागदासारखी पातळ असते, ती भाजते.

पंखाचं किंवा शेपटीचं नवं फुटणारं पीस तुटलं असेल तर त्याच्या दांड्यात रक्त असतं आणि जखम बारीक दिसली तरी ठिबकत राहतं. तिथे पण दाबून धरायचं. उपटायचं नाही, उपटताना जवळची कातडी फाटते.

दहा-पंधरा मिनिटं नीट दाबून पण रक्त थांबत नाही, तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टर.

३. पाणी, मग खाणं

तासाभराने, जरा डोळे उघडून बघायला लागली की पाणी पुढे ठेवा. लिटरभर पाण्यात ओआरएसची एक पुडी, नाहीतर गूळ आणि चिमूट मीठ घातलेलं कोमट पाणी. चोचीचं टोक हलकेच बुडवा, आपणहून पिते का बघा. चमच्याने, सिरिंजने तोंडात पाणी ओतायचं नाही. कोंबडीच्या जिभेच्या लगेच मागे श्वासनळीचं तोंड असतं, ओतलेलं पाणी थेट तिकडे जातं. जगलेली कोंबडी लोकांनी प्रेमाने पाणी पाजून मारलीय.

पाणी पितेय म्हणून खूश व्हायच्या आधी गळ्याखाली बघा. पिता पिता खालून ओलं होतंय का? होत असेल तर दाण्याची पिशवी, म्हणजे गळ्याखाली खाल्लेलं साठतं ती, फाटलीय. पाणी, दाणे काढून घ्या आणि थेट दवाखाना गाठा, हे घरी होत नाही. डॉक्टर पिशवीला आणि वरच्या कातडीला वेगवेगळे टाके घालतात आणि लवकर नेली तर अशा कोंबड्या छान जगतात.

गळत नसेल तर खायला मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून, किंवा कोंबडीखाद्य पाण्यात भिजवून. थोडं थोडं. दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवी चाचपून बघा, रात्री भरलेली पिशवी सकाळी रिकामी पाहिजे. तशीच भरलेली आणि घट्ट असेल तर आतलं काम बंद पडलंय, अजून खायला घालू नका, फोन करा.

४. खरी तपासणी: पिसांखाली बघणं

हे कोणी करत नाही आणि तिसऱ्या दिवशीचं मरण इथेच असतं. कुत्रा धरतो तेव्हा पिसं उडतात, पाठ सोलवटते, बघायला भयंकर दिसतं, लोक तिकडे लक्ष देतात. मांजर आणि मुंगसाचे दात मात्र सुईसारखे आत जातात, बाहेर एक लाल ठिपका राहतो आणि वरून पीस परत बसतं. वरून कोंबडी सुंदर, आत खोल भोकात तोंडातले जंतू सोडलेले. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, कोंबड्यांचा कॉलरा करणारे पण त्यांच्यातलेच, आणि पक्ष्यांच्या अंगात ते फार भराभर पसरतात. म्हणून माझा नियम सरळ आहे: मांजर, बोका, मुंगूस, उदमांजर यांचे दात लागलेत एवढं जरी खात्रीने माहीत असेल तरी, जखम केवढीही बारीक असो, त्याच दिवशी डॉक्टरला विचारा. नुसत्या हळदीवर ते निभत नाही.

बघायचं कसं, तर दोघं जण पाहिजेत. एकाने मांडीवर टॉवेलात धरायची, दुसऱ्याने मोबाईलचा टॉर्च. पिसांच्या उलट्या दिशेने हळूच फुंकर मारत जायचं, किंवा बोट पाण्यात भिजवून पिसं बाजूला चिकटवायची. मान सगळीकडून, पंखाखालची काख, मांडीचा आतला भाग, शेपटीच्या मुळाशी, आणि अंडं घालायच्या जागेभोवती. शेवटच्या जागी नक्की बघा, पाठीमागून धरलेल्या कोंबडीचं तिथे फाटलेलं असतं आणि पिसांमुळे कळत नाही. एक भोक सापडलं की समोरच्या बाजूला दुसरं शोधा, दात वर-खाली दोन्हीकडून लागतात.

हात लावताना कातडीखाली कुरकुर लागली, हवा भरल्यासारखी कातडी वर आलेली दिसली, तर आतली हवेची पिशवी फुटलीय. पक्ष्यांच्या अंगात फुफ्फुसांशिवाय अशा पिशव्या असतात, काही हाडांत सुद्धा हवा जाते. थोडी फुगलेली असेल आणि श्वास नीट असेल तर कधी कधी आपोआप बसते, पण वाढत असेल तर डॉक्टर. सुई टोचून हवा काढायचे प्रयोग घरी नकोत.

तुमच्या हाताचं पण बघा. कुत्र्याने धरलेल्या कोंबडीच्या पिसांवर त्याची लाळ ओली असते. हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातात घाला. हाताला चीर, खरचटलेलं असेल आणि लाळ लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं हात धुवा आणि माणसांच्या डॉक्टरला विचारा, कुत्रा पिसाळलेला वाटत असेल तर त्याच दिवशी.

५. धुणं (थोडा खर्च)

मेडिकलमध्ये नॉर्मल सलाईनची बाटली, २० मिलीची सिरिंज बिनसुईची, गॉज आणि पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे आपण बीटाडीन म्हणतो ते. सलाईन नसेल तर एक लिटर पाणी उकळायचं, त्यात ९ ग्रॅम मीठ, साधारण दीड सपाट छोटा चमचा, आणि कोमट होऊ द्यायचं. अंदाजे मूठभर टाकू नका, जास्त खारट पाणी जखमेला झोंबतं आणि मांस कोरडं करतं.

जखमेच्या कडेची पिसं कात्रीने बारीक करा, उपटू नका. मग सिरिंजने धार मारत धुवा, माती, पिसाचे तुकडे, तूस सगळं निघेपर्यंत. पाणी वाया गेलं तर जाऊ दे, ही एकच गोष्ट मन लावून केली तरी अर्धं काम होतं. फक्त पंखाच्या वरच्या हाडाजवळ किंवा छातीत खोल भोक असेल तर तिथे धार मारायची नाही, आतल्या हवेच्या वाटेने पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. तिथे ओल्या गॉजने पुसा आणि डॉक्टर.

धुतल्यावर बीटाडीन पाण्यात घालून फिकट चहाच्या रंगाचं करा आणि ते लावा, बाटलीतलं घट्ट तसंच ओतू नका. हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस बघून लोकांना समाधान वाटतं, पण ते जंतूंबरोबर नवं भरणारं मांस पण जाळतं. डेटॉल नको. मलम लावायचंच तर अगदी पातळ थर, कारण तेलकट पिसं ऊब धरत नाहीत. दुखणं कमी करणारं, म्हणजे ज्याच्या नावाच्या शेवटी "केन" असतं असलं औषध मिसळलेलं मलम नको, पक्ष्यांना त्याचा डोस पटकन जास्त होतो.

पट्टी? बहुतेक वेळा नको. पाठ सोलवटलेली कोंबडी उघडी ठेवली तरी भरून येते, कातडी इतकी नवी येते की बघून विश्वास बसत नाही. छातीभोवती पट्टी आवळली तर श्वास अडकतो, आणि माणसांचा चिकट प्लास्टर काढताना कातडी बरोबर घेऊन येतो. कातडीचा मोठा तुकडा लोंबत असेल तर तो कापून टाकू नका, ओल्या गॉजने झाका आणि पहिल्या काही तासांत डॉक्टरकडे, ताज्या जखमेला टाके घालता येतात. दुसऱ्या दिवशी नेली तर बरेचदा डॉक्टर टाके घालत नाहीत आणि बरोबर करतात, आत पू कोंडला जातो. फेव्हिक्विकने चिकटवणारे पण भेटलेत मला, त्यांना काय बोलायचं.

६. पुढचे पाच दिवस: माशा, रंग आणि पू

पावसाळ्यात आणि उकाड्यात माशी जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर येतात. आज सकाळी स्वच्छ, उद्या सकाळी वळवळ. म्हणून सकाळ-संध्याकाळ पिसं बाजूला करून बघणं टाळायचं नाही, आणि दिवसभर डालग्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधून ठेवायचा. जखमेच्या भोवतीच्या पिसांना थोडं कडुनिंबाचं तेल चोळलं तर माशा कमी येतात, आत नाही घालायचं. खालचं फडकं रोज बदला, शीट साचली की माशा आल्याच.

अळ्या पडल्याच तर कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन चिमट्याने एक एक काढा. चार-दोन वरवरच्या असतील तर घरी जमतं. आत बिळं करून गेल्या असतील, धुतलं की अजून अजून बाहेर येतायत, तर थांबा, डॉक्टर. गुरांच्या जखमेत टर्पेंटाईन ओततात ते कोंबडीला नको, वासानेच तिचा जीव जाईल. सीताफळाचा पाला वाटून लावायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण त्याचा रस, त्यातून बियांची पूड, डोळ्यात गेली तर डोळा जातो, तुमचा पण आणि तिचा पण. मी वापरत नाही.

रंगाचं एक सांगते, नाहीतर लोक उगाच घाबरतात आणि चांगली कोंबडी कापून टाकतात. दोन-तीन दिवसांनी मुका मार लागलेली जागा हिरवी होते, चांगली गडद हिरवी. आपल्याला मार लागला की निळं होऊन मग पिवळं पडतं, पक्ष्यांमध्ये रक्तातलं ते रंगद्रव्य हिरव्यावरच थांबतं. हिरवं म्हणजे सडलं असं नाही. काळं, गार, कोरडं चामड्यासारखं आणि वास, हे सडल्याचं लक्षण.

पू पण आपल्यासारखा पातळ वाहत नाही. कोंबडीचा पू घट्ट, पिवळट, चुरा होणारा गठ्ठा होतो. त्यामुळे गाठ आली तर "पिकून फुटेल आपोआप" म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही, ती फुटत नाही, उघडून आतला गठ्ठा काढावा लागतो. वरची खपली सुकली पण खाली टणक गोळा लागतोय, असं असेल तर डॉक्टरच.

७. पाय, पंख, कंबर

पंख लोंबतोय पण हाड बाहेर नाही, तर पंख नेहमीसारखा दुमडून अंगाशी सैल पट्टीने बांधता येतो, दुसरा पंख मोकळा, आणि पट्टीखाली बोट सहज गेलं पाहिजे. कोंबडीचं हाड साधारण तीन आठवड्यांत धरतं, तोवर उंच दांडीवर बसू द्यायचं नाही. पण बांधण्याआधी एकदा डॉक्टरकडून बघून घेतलंत तर वाकडं जुळणार नाही.

पाय टेकवत नसेल तर बोटांच्या मधली कातडी हलकेच चिमटा. पाय ओढून घेतला तर नस शाबूत आहे. पाय गरम आहे का बघा, एक गरम एक गार असेल तर रक्त पोचत नाहीये. कुत्र्याने धरून झटकली असेल आणि दोन्ही पाय मागे सरळ पडलेत, चिमटल्यावर काहीच नाही, शीट पण आपोआप सुटतेय, तर कंबर मोडलीय.

इथे थांबा, डॉक्टर बोलवा

वर ठिकठिकाणी लिहिलंय तरी एकत्र परत: रक्त थांबत नाही, हाड दिसतंय, पोटातलं काही बाहेर आलंय, गळ्यातून पाणी गळतंय, चोच उघडून श्वास घेतेय आणि अंधारात तासभर ठेवून पण कमी होत नाही, मांजर-मुंगसाचे दात लागलेत, अळ्या खोल गेल्यात, डोळा फुटलाय, किंवा २४ तासांत काहीच खाल्लं-प्यायलं नाही. यात घरगुती काही नाही.

जवळचा जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना, तो लांब असेल तर १९६२ या नंबरवर फोन करून जनावरांच्या फिरत्या पथकाचं विचारा. मुंबईत असाल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल आहे, पुणे-साताऱ्याकडच्यांना शिरवळचं महाविद्यालय. गावातले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशीत असतात, कोंबडी नेली की कधी कधी हसतात पण, हसू देत. जाताना तिचं वजन करून न्या, कोणी धरलं, किती वाजता, अंडी देतेय का, काय काय लावलंय ते सांगा. औषध वजनावर असतं, वजन माहीत नसेल तर डॉक्टर पण अंदाजच करणार.

मनाने औषध देऊ नका, हे दोनदा वाचा. गोठ्यात उरलेलं गुरांचं स्ट्रेप्टोपेनिसिलिन कोंबडीला टोचू नका, पक्ष्यांना ते विषारी ठरू शकतं. दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक तर मुळीच नाही, त्याने पक्ष्यांची मूत्रपिंडं जातात, गिधाडं त्यानेच संपत आली आणि म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आणि अँटिबायोटिक चालू झालं की किती दिवस अंडी खायची नाहीत ते डॉक्टरकडून विचारून घ्या आणि तेवढे दिवस खरंच खाऊ नका.

कंबर मोडलेली, पोट फाटलेली, अळ्यांनी आतून पोखरलेली कोंबडी खोक्यात ठेवून "बघू उद्यापर्यंत" करणं ही दया नाही. डॉक्टरला सांगा, सुईने शांत जाते. कापून खायची का, हे आपल्याकडे विचारलं जातंच, त्याचं पण सरळ उत्तर देते: औषध दिलेली, जखम वास मारणारी, किंवा पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्याने धरलेली कोंबडी खायची नाही, खोल खड्डा करून पुरायची.

८. खुराडं

एकदा शिकार मिळाली की ते जनावर परत येतंच, बरेचदा दुसऱ्याच रात्री. म्हणून जखमीची सोय लागली की त्याच संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, खुराड्याभोवती एक फेरी मारा. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवायला असते, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही, तो ती दाताने फाडतो. अर्ध्या इंची भोकांची वेल्डेड जाळी पाहिजे, निदान खालच्या दोन-अडीच फुटांना. जाळी जमिनीशी संपवू नका, बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर चिरे, म्हणजे जांभ्याचे दगड, ठेवा, उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं आणि जाळीवर अडतं. घुशीचं बीळ असेल तर दगड-सिमेंटने बुजवा, घुशीने केलेल्या वाटेनेच मुंगूस आत शिरतं. कडी अशी पाहिजे की पंज्याने उचलता येणार नाही, साधी आडवी कडी असेल तर तिला तार घाला.

फासे, विष लावू नका. मुंगूस, रानमांजर, घोरपड सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, आणि विष लावलेलं मटण आधी शेजाऱ्याचा कुत्रा खातो.

कोंबडी परत कळपात कधी, तर जखम सुकून वरची लाली गेल्यावर. लाल दिसलं की बाकीच्या टोचतात, टोचून टोचून मारतात. तोवर वेगळी ठेवा पण शक्य तर जाळीपलीकडे, एकमेकींना दिसतील अशी, अगदी नजरेआड ठेवली तर परत आल्यावर तिला नवखी समजून धुतात. परत सोडताना रात्री सगळ्या दांडीवर बसल्यावर हळूच मध्ये बसवा. सकाळी दार उघडल्यावर अर्धा तास तिथे उभ्या राहा आणि पहिली चोच कोण मारतं ते बघा. बरेचदा एकच असते, वयाने मोठी. तिला उचलून दोन-तीन दिवस डालग्याखाली कोंडा, जखमीला परत कोंडू नका.